काट्याखालचं कुंकू

ज्या वस्तूला काहीही झालेलं नाही, ती दुरुस्त करायला हात शिवशिवणारा माणूस अख्ख्या न्यूझीलंडमध्ये एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. बायकोची धाकटी बहीण लग्न होऊन हॅमिल्टनला आमच्या मागच्याच रस्त्यावर राहायला आली, तेव्हा परमुलखात हक्काचं माणूस मिळालं म्हणून मी पेढे वाटले होते. ते पेढे आता माझ्याच घशात अडकतात. साडू 'ते रापा' नावाच्या इथल्या उपनगरात दूध पावडरीच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळतो. दिवसभर तिथले काटे जागेवर ठेवायचे आणि संध्याकाळी येऊन आमचे हलवायचे, हा त्याचा दिनक्रम. आमच्या दारावरच्या बेलचा साधा 'टिंग टाँग' त्याला सहन झाला नाही. आता पार्सलवाल्याने बटण दाबलं की आत सनई वाजते आणि तो बिचारा 'सॉरी' म्हणत पळतो. राइस कुकरला त्याने असं काही केलंय की भात शिजायच्या आधीच तो शिजल्याची घंटा देतो. भर थंडीत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत हा गृहस्थ येणार, निम्मा चहा पिणार, तेवढ्यात घरभर नजर फिरवणार आणि म्हणणार, "साडूभाऊ, सहज उघडून बघू का?" ते 'सहज' ऐकलं की मी हाताशी असेल ती वस्तू पाठीमागे लपवतो.

माझ्या जुन्या जपानी गाडीवर त्याचा डोळा होताच. गाडी कशी ठणठणीत होती. पण तिच्या वेगाच्या नि पेट्रोलच्या तबकड्या काळ्या, हेच त्याला खुपायचं. "अहो, डॅशबोर्ड आहे की सुतकातलं घर?" मी नको म्हणेपर्यंत त्याने उजळणाऱ्या तबकड्या मागवल्यासुद्धा: कागदासारख्या पातळ, पांढऱ्या, वायर जोडली की निळ्या आणि बटण फिरवलं की हिरव्या. आणि मुहूर्त कुठला काढावा? दसऱ्याचा! अरे बाबा, दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात, ती चालवत नाहीत, असं मी परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

जुन्या तबकडीवर नवी बसवायची, तर आधी काटे उपटावे लागतात. आणि उपटण्यापूर्वी काटा कुठे टेकला होता त्याची खूण करावी लागते, नाहीतर वेग चुकीचा दाखवतो. हे त्याला न सांगता कळत होतं, पोटापाण्याचा धंदाच तो. पण ऐन वेळी पेन सापडेना. शेजारी पूजेचं ताट होतं. पठ्ठ्याने त्यात बोट बुडवून काट्याच्या टोकाशी, कडेला, कुंकवाचा ठिपका दिला, काटा उपटला आणि पक्कड आणायला आत गेला. तेवढ्यात बायको ताट न्यायला आली. बघते तर इतक्या तबकड्या आणि कुंकू एकाच ठिकाणी. "बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" म्हणत तिने सगळ्या कडांना मनोभावे हळदकुंकू वाहिलं. साडू परत आला आणि इतके ठिपके पाहून थबकला. पुसून टाकावेत, तर दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसायचं कसं? विचारावं, तर मेव्हणीला, म्हणजे माझ्या बायकोला, वाईट वाटायचं. मग त्यातला एक ठिपका आपला समजून त्याने काटा दिला ठोकून.

संध्याकाळी गाडी सुरू केली आणि समोर लग्नाचा मांडवच उजळला! वर त्या उजळत्या तबकड्यांची डासासारखी बारीक गुणगुण. "कसलं भारी दिसतंय!" साडू स्वतःवरच खूश. काटा दहाने कमी दाखवतोय, हे मात्र कित्येक महिने कुणाला कळलं नाही, कारण मी पडलो भित्रा. पन्नासच्या रस्त्यावर चाळीसने जाणारा. आता काटा चाळीसवर आणि गाडी पन्नासवर. "हल्ली तुम्ही माणसासारखी चालवता हो," बायको कौतुकाने म्हणाली. मीही ते कौतुक बिनदिक्कत घेतलं.

घात झाला तो लेकीच्या परीक्षेत. एकटीने गाडी चालवायचा परवाना मिळाला, तर तिला शनिवारची बेकरीतली नोकरी मिळणार होती. आयुष्यातली पहिली, आणि पहाटे तिकडे बस जात नाही. पोरगी नियमाची पक्की. तिने काटा बरोबर पन्नासवर ठेवला, आणि परीक्षकाने आपल्या यंत्रावर साठ पाहून तिला नापास केलं. नोकरी दुसऱ्याच कुणाला गेली. ती खोलीत रडत होती आणि मी फोनवर साडूवर ओरडत होतो, "पुन्हा माझ्या घरात कशाला हात लावलास तर याद राख!" तो एवढंच म्हणाला, "माझंच चुकलं. खूण हरवली म्हणून अंदाज करायचा नसतो, हे मी रोज कारखान्यात पोरांना शिकवतो."

दुसऱ्या दिवशी येऊन त्याने मुकाट्याने जुन्या काळ्या तबकड्या उघड्या केल्या, लेकीला गाडी चालवायला लावली, आणि शेजारी बसून फोनवरचा वेग काट्याशी ताडून पाहत सगळं हॅमिल्टन पालथं घातलं. "इट्स ओके काका, आय विल रिबुक," ती त्याचीच समजूत घालत होती. पुढच्या खेपेला ती पास झाली, दुसरी नोकरीही मिळाली. कडेचं कुंकू मात्र त्याने तेव्हाही पुसलं नाही.

तेव्हापासून साडू येतो, हात मांडीखाली दाबून बसतो, कप रिकामा करतो आणि जातो. नजर कुकरपर्यंत जाते नि तशीच मागे येते. घरातलं आणखी काही बिघडत नाही की नवं काही अवेळी वाजत नाही. आणि खरं सांगतो, मला करमत नाही. या देशात आमच्या दारी न विचारता येणारा माणूस तो एकच, आणि तोही आता पाहुण्यासारखा बसायला लागला.

गेल्या रविवारी न राहवून मी मिक्सर त्याच्यापुढे आणून ठेवला. "हा जरा वेगळाच आवाज करतोय रे."

त्याने बटण दाबलं, कान देऊन ऐकलं. मिक्सरला काहीही झालेलं नव्हतं, आणि ते त्याला न कळणं शक्यच नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"साडूभाऊ," तो हळूच म्हणाला, "सहज उघडून बघू का?"

"बघ बाबा," मी म्हटलं.

त्या दिवशी त्याचा चहा निम्मा तसाच राहिला.