नुसती इस्त्री

त्या दिवशी ऊन इतकं छान पडलं होतं की काय सांगू! थंडीचे दिवस, आभाळ धुतल्यासारखं, उत्तरेकडून मंद वारा. स्नेहलतागंजात कडुलिंबाखाली माझं इस्त्रीचं टेबल. सकाळी कंपनीची बस पकडताना नितीनने, माझ्या शेजारच्या सप्रे काकूंच्या मुलाने, निळा शर्ट टाकला. "दादा, कालच एकदा घातलाय. नुसती इस्त्री मारा!"

दहाच्या सुमारास पांढऱ्या चादरीवर काळे कण पडायला लागले. मला वाटलं, माझ्याच कोळशाची राख. फुंकर मारमारून झटकत बसलो. दुपारी कळलं, सांवेर रोडवर कारखाना जळला. आमच्या गल्लीतले सात जण गेले. नितीनही.

इस्त्रीवाल्याकडे कपडे पडून राहतात ना भिया, तसेच हे किस्से. न्यायला कोणी येत नाही.

*

संध्याकाळी रक्त द्यायला गेलो. लाइन पार रस्त्यावर! नर्स म्हणाली, "दादा, आपकी उमर हो गई, घर जाओ." मागे आमचा पोहेवाला बन्सी. त्याला म्हणाली, "आप तो दोपहर में देके गए थे!"

बन्सीने बाही वर केली. "मैडम, वो दूसरा हाथ था!"

*

त्या आठवड्यात टेबलावर रंगच उरला नाही. पांढरे कुर्ते, पांढऱ्या साड्या, पांढरे लेंगे. आता मला अक्षर येत नाही, कोणाचं काय ते मी रंगावरून ओळखतो. सगळं पांढरं म्हटल्यावर गठ्ठ्यांची अदलाबदल झाली! कोणी परत करायला आलं नाही. स्मशानात बघतो तर अख्खी गल्ली एकमेकांच्या कपड्यांत उभी.

निळा तेवढा एकच. सगळ्यांत खाली.

*

आठव्या दिवशी कारखान्याचा उरलेला भाग सुरू झाला. बस आली, कोपऱ्यावर थांबली. दार उघडलं. कोणी चढलं नाही. ड्रायव्हरने आरशात बघून रोजच्यासारखं विचारलं, "सब आ गए?"

मग मान हलवली आणि दार लावून घेतलं.

*

राहिला तो शर्ट. नितीन डावी बाही तीनदा दुमडायचा. ती दुमड तशीच होती. कोपराशी सुरकुत्या, पाठीला बसच्या सीटची घडी. टेबलावर पसरला की वाटायचं, कोणी कुशीवर निजलंय. इस्त्री फिरवली की सगळं सपाट! आणि दिलेला कपडा इस्त्रीशिवाय परत करायचा, हे तर जन्मात केलं नाही. रोज इस्त्री तापवायचो, रोज निववायचो. एरवी लोक टोमणे मारतात, "दादांची इस्त्री म्हणजे पॅसेंजर गाडी!" पण असा उशीर माझ्या हातून कधी झाला नव्हता.

तेराव्यानंतर सप्रे काकू आल्या. मी खाली मान घालून म्हटलं, "राहूनच गेला हो काकू. दोनच मिनिटं द्या, आत्ता मारतो."

इस्त्री उचलली, तसा काकूंनी शर्टावर हात ठेवला. निखारे हाताच्या एवढ्या जवळ, पण त्यांनी मागे घेतला नाही. मीच इस्त्री बाजूला ठेवली.

मग त्यांनी दोन्ही हात शर्टाखाली सरकवले आणि एक सुरकुती न मोडता तो अलगद उचलला. बाही खाली लोंबली, ती मी वर ठेवली.

"काकू," मी म्हटलं, "पिशवी देऊ का?"

त्या हळूच म्हणाल्या, "हळू बोला दादा. आत्ताच डोळा लागलाय."