न नेलेल्या कोटाचा प्रश्न

लाँड्रीच्या काउंटरमागे बावीस वर्षं उभी राहिलेली बाई पन्नाशीत कॉलेजच्या बाकावर जाऊन बसली, ती काही विद्येच्या ओढीनं नव्हे. नवरा गेल्यापासून ती कामावरून येई आणि दिवा न लावता बसून राही. शेवटी लेकीनंच फॉर्म भरला. "आई, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा फळ्याकडे बघ." बरं म्हणाली आणि गेली. वर्गातल्या पोरांच्या त्या काकू झाल्या.

घोडं अडलं ते प्रकल्पाच्या विषयापाशी. 'कपड्यांचा इतिहास' मॅडमनी परत केला. "काकू, समुद्र चमच्यानं उपसणार का?" मग काकूंनी लिहिलं, 'लोक धुतलेले कपडे न्यायला का येत नाहीत?'

"हा विषय तुमचा आहे," मॅडम म्हणाल्या. वयानं लेकीएवढ्याच त्या. "पण प्रश्न अजून मोघम आहे. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?"

काकूंनी आत शोधून पाहिलं, रिकाम्या डब्यात हात फिरवावा तसं.

"काही नाही."

मॅडम रागावल्या नाहीत. "आज शेवटची तारीख. दुकानात जा, एकाला तरी विचारा. पाचपर्यंत प्रश्न आला नाही, तर वर्ष गेलं म्हणून समजा."

दुकानात न नेलेल्या कपड्यांच्या मागच्या दांडीवर सगळ्यात जुना होता एक करडा कोट. सात महिने लटकत होता. काकूंनी चिठ्ठीवरचा नंबर लावला. दुकानाची रीत दोन वाक्यांची: कपडा तयार आहे. आठवड्यात न नेल्यास जबाबदारी आमची नाही. पहिलं वाक्य त्या म्हणाल्या.

"यांचा कोट ना?" पलीकडून बाईचा आवाज आला. "असू द्या तिथंच."

"किती दिवस?"

"काय माहीत. हे गेले, त्याच्या आदल्याच दिवशी टाकला होता."

आता दुसरं वाक्य म्हणायचं. हजारदा म्हटलेलं, पण जिभेवर येईना. काकूंनी भलतंच विचारलं, "घरी नेलात तर काय होईल?"



"मग कपाटात ठेवावा लागेल हो. आत्ता कसं, धुवायला गेलाय."

काकूंनी ते पावतीच्या पाठीवर शब्दन् शब्द उतरवलं. डोळे कोरडेच राहिले. अक्षर मात्र छान आलं.

पाचाला दहा कमी असताना त्यांनी मॅडमपुढे कागद ठेवला: 'न नेलेला कपडा घरी आला तर काय बदलेल, असं घरच्यांना वाटतं?'

मॅडमनी दोनदा वाचलं. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काकू?"

"मला सध्या काहीच वाटत नाही. विचारता येतं."

मॅडमनी सही केली. "अजून नऊ जणांना विचारा."

"दांडीवर आणखी अकरा कपडे आहेत," काकू म्हणाल्या, आणि कागदाची कडेला कड जुळवून घडी घातली.