धाकटीचा टेरिफिक कोट

आमच्या धाकटीसारखा कोट शिवणारं माणूस गावात दुसरं नाही. भाऊ म्हणून नाही, मोठा भाऊ म्हणून सांगतो. शाळा दोघांची आठवीपर्यंतच. पण हात तिच्याकडे आले आणि इंग्रजी माझ्याकडे. त्यामुळे दुकानात मशीन तिची, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, चिठ्ठ्या वाचणं माझं.

आजवर तिनं शाळेचे गणवेशच जास्त शिवले. मग एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरनं नमुन्याचा कोट मागितला. पसंत पडला तर वेटरचे चाळीस कोट आमचे! पोरगी आठ दिवस धड जेवली नाही.

कोट दिला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. खिशाला टाचणीनं चिठ्ठी. वर मोठ्या अक्षरात एकच शब्द, खाली बटणाचं काहीतरी बारीक.

"दादा, काय लिहिलंय?"

"टेरिफिक."

"म्हणजे?"

"टेरर म्हणजे दहशत. टेरिफिक म्हणजे भयंकर."

तिचा चेहरा पडला. "भयंकर? कुठे?"

"बाहीच असणार," मी म्हटलं. माझी नजर कपड्यावर फार बारीक आहे.

तिनं डोळे पुसत दोन्ही बाह्या उसवल्या. तेवढ्यात मॅनेजर दारात.

"बाई, बटण झालं का घट्ट?"

"साहेब, बाह्या पुन्हा लावते. भयंकर झाला होता ना कोट?"

"भयंकर सुंदर झाला होता! लिहिलं होतं की मी, टेरिफिक!" मग त्यांना बिनबाह्यांचा कोट दिसला. "अरे देवा! अहो, टेरिफिक म्हणजे एकदम झकास. घाबरवणारं असेल त्याला टेरिफाइंग म्हणतात. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळत होतो.

"बसा साहेब," ती म्हणाली आणि मशीनवर बसली. अर्ध्या तासात दोन्ही बाह्या जागेवर, एक सुरकुती नाही. मॅनेजरनं कोट घातला, हात वर-खाली केले, आरशात पाठ बघितली.

"चाळीसचे पंचेचाळीस करा."

आता मला सांगा, मी बाह्या उसवायला लावल्या नसत्या तर तिचा वेग त्यांना दिसला असता का? वरचे पाच कोट माझ्या इंग्रजीचे. पण धाकटी म्हणते, "दादा, यापुढे चिठ्ठ्या तूच वाच. फक्त मला सांगू नकोस."