आप्पाचं माप

सोमवारी सकाळी निपाणीत चहा टाकला होता, तेवढ्यात सांबऱ्याहून धाकट्या भावाचा, अण्णाचा फोन आला. "आक्का, आप्पा गेला गं," एवढंच म्हणाला. मागे टीव्हीवर मॅच चालूच होती, हजारो माणसं ओरडत होती. तो टीव्ही आप्पाच्या घरातला. म्हणजे कित्येक वर्षांनी अण्णानं थोरल्या भावाचा उंबरा ओलांडला होता, आणि तो असा...

आप्पाला अमेरिकन फुटबॉलचा नाद लावला तो त्याच्या लेकीनं. ती शिकागोला. अण्णाचा मुलगा तिथून उत्तरेला, हिरव्या जर्सीवाल्यांच्या गावाजवळ. या दोन संघांचं वैर शंभर वर्षांचं. पोरांनी आपापल्या बापाला आपापला संघ दिला आणि आमच्या जोडघरांत कारण नसताना दोन पक्ष पडले. तिकडची रविवारची रात्र ती आपली सोमवारची सकाळ, त्यामुळं अण्णा आंघोळही न करता आप्पाकडे येऊन बसायचा. मी माहेरी असले की मलाही बसवत. मला तो खेळ म्हणजे धिप्पाड माणसांची नुसती ढकलाढकली वाटे. आप्पा समजावायचा, "चार डावांत धा यार्ड म्होरं जायाचं. न्हाय जमलं तर बॉल दुसऱ्याला. जमिनीचा खेळ हाय गं ह्यो." आप्पा भूमापन खात्यातून निवृत्त झालेला. अंतराचा वाद झाला की पंच मैदानात साखळी आणून मोजत. ती दिसली की हा खुर्चीच्या कडेला सरकायचा, तोंडातला घास तोंडातच.

ती साखळीच आमच्या मुळावर आली. एका सकाळी शिकागोवाले हरत होते. शेवटचा डाव. साखळी ताणली आणि बॉल बोटभर कमी पडला. आप्पा चवताळला, "पंचानं बॉलच मागं ठेवलाय! माप चुकलंय!" शेजारपाजारचे दोघं-तिघं बसले होते. अण्णा हसत म्हणाला, "तुझी मापं बघितल्यात की आमी. बांधावर."

झालं! वडिलांमागं शेताची वाटणी झाली तेव्हा, घरातच मोजणारा असताना बाहेरचा सर्वेअर कशाला, म्हणून आप्पानंच साखळी धरली होती. मोजणीला दोन्ही बाजूंचे मालक बांधावर उभे पाहिजेत, हा नियम त्यानं परक्यांना जन्मभर कडक लावला. घरात मात्र सोडला. अण्णा "तू करशील ते मान्य" म्हणून बेळगावातून आलाच नव्हता; तेव्हा तो तिथं नोकरीला होता. मनात खरंच काही होतं की नुसती चेष्टा, हे मी विचारलं तर म्हणाला, "तोंडातनं गेलं गं." मग जाऊन सांग की त्याला! नाही गेला. आप्पा त्या मॅचच्या सकाळी एवढंच म्हणाला होता, "चोराच्या घरात बसू नगंस." मला दोघांचाही राग यायचा, अजून येतो.

मग एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन टीव्ही. हिरव्यांनी गुण मिळवले की अण्णा मुद्दाम ओरडायचा, शिकागोवाल्यांनी मिळवले की आप्पा. वहिनी गेल्यापासून तो एकटाच होता, आणि मला वाटतं, त्या आरोळ्यांवरच दोघं एकमेकांची खुशाली समजून घेत होते. त्या सोमवारी शिकागोवाले पिछाडीवरून पुढं गेले आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. अण्णानं जरा वाट पाहिली, मग अनवाणी धावला.

दिवसकार्य आटोपून लेक परत गेली आणि अण्णानं मोजणीचा अर्ज केला. मी भडकले, "आता कुणाविरुद्ध मोजतोस?"

"चार माणसांम्होरं बोललोय आक्का," तो म्हणाला. "चार माणसांम्होरंच मागं घ्यायचं."

गेल्या आठवड्यात सर्वेअर आला. त्या दिवशीचे शेजारीही अण्णानं बोलावून आणले होते. "बाजूचे मालक कुठं आहेत?" सर्वेअरनं कन्नडमध्ये विचारलं. मीच पलीकडे जाऊन आप्पाच्या बाजूला उभी राहिले. उन्हात बराच वेळ मोजणी चालली. हद्दीचा दगड होता तिथंच बरोबर निघाला, अण्णाच्या बाजूला तसूभरही कमी नाही. अण्णा खाली बसला, दगडावरचं गवत हातानं उपटत राहिला... आणि मग कुणाकडेही न बघता एवढ्या मोठ्यानं ओरडला, की लांबच्या शेतातली माणसं काम थांबवून बघायला लागली.

"बरोबर हाय आप्पा! तुझं माप बरोबर हाय!"