दिल्लीच्या उन्हाबद्दल मी जे बोलले

मे महिन्यात दिल्लीला जाऊ नये, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं सांगलीतल्या शाळेत भूगोल शिकवलाय. पण दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, सत्तरी होती आणि वहिनींनी फोनवर तीनदा सांगितलं, "सुमनताई, या वेळी नाही म्हणायचं नाही." मी मिरजेहून निजामुद्दीनचं थ्री एसीचं तिकीट काढलं. दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस. वाचायला पुस्तक, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या चार बाटल्या एवढं सोबत असलं की हा प्रवास मजेत होतो. दुपारी मात्र डब्याच्या काचेला हात लावला तर चटका बसत होता.

निजामुद्दीनला उतरलात तर टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात अडकू नका. स्टेशनाजवळच मेट्रो आहे. पिंक लाइनने राजौरी गार्डन, तिथे ब्लू लाइन पकडायची की थेट द्वारका. शंभराच्या नोटेत भागतं आणि सगळा प्रवास गारव्यात होतो. द्वारका स्टेशनापासून दादाच्या सोसायटीपर्यंत ई-रिक्षा मिळाली. तेवढ्या दहा मिनिटांतच डोळ्यांच्या कडा कोरड्या पडल्या.

गेटवर हरिप्रसाद भेटला. पंचावन्नच्या आसपासचा, बुंदेलखंडाकडचा वॉचमन. डोक्यावर ओला गमछा टाकून अडसरापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत, भर उन्हात बसला होता. माझी बॅग त्याने लिफ्टपर्यंत आणून दिली. सावलीत का बसत नाही, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला की गेटजवळचं कडुनिंबाचं झाड मागच्या वर्षी पार्किंगसाठी काढलं. पत्र्याची केबिन बाहेरपेक्षा जास्त तापते. आणि इमारतीखालच्या सावलीत बसलं, तर गेट रिकामं दिसतं अशी तक्रार होते. हे सगळं त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

दादा या सोसायटीचा सेक्रेटरी. निवृत्त इंजिनिअर, पंचेचाळीस वर्षं दिल्लीत. त्याच्या घरात तीन एसी आहेत आणि हवामानबदल ही परदेशी लोकांनी काढलेली टूम आहे, असं त्याचं ठाम मत. शंभर वर्षं धूर सोडून ते श्रीमंत झाले आणि आता आपल्याला पंखे बंद करायला सांगतात, असं तो जेवताना म्हणाला. त्यातलं पहिलं अर्धं खरं आहे, म्हणून मला त्याच्याशी वाद घालणं नेहमी जड जातं. सांगलीच्या पुराचा विषय काढला तर म्हणाला, "तो धरणवाल्यांचा घोळ होता. त्यात आभाळाचा काय संबंध?" वहिनींनी आमटी वाढली आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी मुनिरकाला गेले. जनकपुरी वेस्टला मेट्रो बदलायची, फार लांब नाही. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन घरांतले लोक खिडकीतून एकमेकांना मीठ देऊ शकतील. माझा जुना विद्यार्थी इम्रान तिथे यूपीएससीची तयारी करतो. त्याची खोली पाचव्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. चादर भिजवून अंगावर घेतो, तेव्हा कुठे झोप लागते म्हणाला. दिवसभर तो महिन्याच्या फीवर चालणाऱ्या गार वाचनालयात बसतो आणि खोलीवर फक्त झोपायला येतो. आम्ही कोपऱ्यावरच्या गाड्यावर छोले-कुलचे खाल्ले, वर बेलाचं शरबत. दिल्लीच्या उन्हाळ्यात तेवढं एक चुकवू नका.

त्याने पर्यावरणाच्या पेपरच्या सरावाचं उत्तर मला तपासायला दिलं. उत्तरात एकीकडे असं, दुसरीकडे तसं, आणि शेवटी समन्वयाचा मार्ग. मी विचारलं, "तुझं स्वतःचं काय मत आहे?"

"मॅडम, ठाम लिहिलं की मार्क जातात."

आम्ही दोघंही हसलो.

शनिवारी दादाचा वाढदिवस झाला. रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती आणि दादा मला हौसेने घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावर ऋता नावाची मुलगी भाड्याने राहते. पुण्याची, आयटी कंपनीत कामाला. तिने प्रस्ताव मांडला होता की उन्हाळा संपेपर्यंत दुपारी बारा ते चार गार्डनी इमारतीखालच्या सावलीतून गेट सांभाळावं आणि केबिनमध्ये एक कूलर बसवावा. एवढंच. ती शांतपणे बोलली. दरवर्षी ऊन वाढतंय, रात्रीसुद्धा गार होत नाही, माणूस सहन करू शकतो त्यालाही मर्यादा असते.

मग जे सुरू झालं त्यात कूलर बाजूलाच राहिला. एक गृहस्थ म्हणाले, दिल्लीत गरम नाही होणार तर काय सिमल्यात होणार? दुसऱ्यांनी सांगितलं की पृथ्वी आपोआप तापते आणि आपोआप थंड होते. एका बाईंना वाटत होतं की शाळेत मुलांच्या डोक्यात उगाच भीती भरतात. एकाने ऋता भाडेकरू असल्याची आठवण करून दिली. तीन-चार जण तिच्या बाजूनेही बोलले, पण तेही वितळणाऱ्या हिमनद्यांबद्दल. गेटवरच्या खुर्चीबद्दल पुन्हा कुणीच काही बोललं नाही. दार उघडं होतं. बाहेर हरिप्रसाद कुणाच्या तरी गाडीसाठी अडसर वर करत होता.

तेवढ्यात दादा म्हणाला, माझी बहीण जिऑग्राफीची टीचर आहे, तिलाच विचारूया.

वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला उत्तर माहीत होतं. एकतीस वर्षं मी ते फळ्यावर लिहिलं होतं. पण मी पाहुणी होते, दादाचा वाढदिवस कालच झाला होता, आणि तो माझ्याकडे किती अभिमानाने बघत होता. मी उभी राहिले आणि माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "गर्मी तो पहले भी होती थी. थोड़ा फ़र्क़ पड़ा है, पर इस पर सबकी राय अलग-अलग है."

लोकांना ते आवडलं. कुणीतरी म्हणालं, संतुलित बात कही. प्रस्ताव पावसाळ्यानंतरच्या सभेत घ्यायचा ठरला.

जिन्यात ऋताने मला गाठलं. ती रागावलेली नव्हती. "काकू," ती म्हणाली, "मत कशाबद्दल? उन्हाबद्दल?"

मंगळवारी वहिनींबरोबर करोल बागला गेले. ब्लू लाइनवरच आहे, बदलायची भानगड नाही. कपडे घ्यायचे असतील तर सकाळी लवकर जा आणि सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करा. आम्ही मात्र दुपारी गेलो आणि ऊन टाळायला म्हणून एका गार दुकानात दोन तास साड्या बघत बसलो. दुकानदाराने ताक पाजलं. मजेत वेळ गेला.

साडेचारला परतलो तर गेटवर माणसं जमलेली. दुसऱ्या गार्डने सांगितलं की अडीचच्या सुमारास एका गाडीसाठी अडसर उचलायला हरिप्रसाद उठला आणि तिथेच कोसळला. अंग इतकं तापलेलं होतं की धरणाऱ्याने हात मागे घेतला. असंबद्ध बोलत होता. ऋताने त्याच्यावर पाणी ओतलं आणि स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तो गेला. डॉक्टरांनी ऋताला स्पष्ट सांगितलं होतं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा जेवणाच्या टेबलाशी बसून सूचनाफलकासाठी नोटीस लिहीत होता. हृदयविकाराने आकस्मिक निधन. मी म्हणाले, "दादा, उष्माघात लिही."

"दवाखान्याच्या कागदावर हृदय बंद पडलं असंच आहे. खोटं काय आहे त्यात? सगळ्यांचंच हृदय बंद पडतं."

"तो उन्हाने गेला. तुलाही माहितीये."

त्याने पेन खाली ठेवलं. चेहरा थकलेला होता, रात्रभर झोपला नसावा. "ऊन लिहिलं की मग प्रश्न येतो, उन्हात कुणी बसवलं? मी, ही सोसायटी, सगळे त्यात येतात. आणि सुमे, तूच भर सभेत म्हणालीस ना, सगळ्यांची मतं वेगळी आहेत."

नोटीस त्याने लिहिली तशीच लागली.

दुपारी हरिप्रसादचा धाकटा भाऊ त्याचं सामान घ्यायला आला. गुडगावला गवंडीकाम करतो. एक पिशवी, एक डबा आणि शिट्टी. मी त्याला पाणी द्यायला खाली गेले. त्याने मला विचारलं, महाराष्ट्रातून आलेल्या मास्तरीणबाई त्या तुम्हीच का? मी हो म्हणाले. त्याने हात जोडले.

"भैया ने फ़ोन पर बताया था," तो म्हणाला. "मीटिंग में हमारी बात उठी थी, एक मास्टरनी भी बोलीं. कह रहे थे, अब कुछ होगा."

हरिप्रसादला बाहेरून फक्त मी उभी राहिलेली दिसली असणार. मी काय बोलले ते त्याला ऐकू गेलं नसणार. त्याच्या भावाला खरं सांगायला हवं होतं. मी त्याच्या हातातला रिकामा ग्लास घेतला आणि म्हटलं, आणखी पाणी देऊ का? तो नको म्हणाला आणि पिशवी खांद्यावर टाकून बस स्टॉपकडे निघून गेला.

गुरुवारी परतीची गाडी होती. दादा स्टेशनवर सोडायला आला, डब्याच्या दारातून पाण्याची बाटली दिली, जपून जा म्हणाला. आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

तुम्ही दिल्लीला जाणार असाल तर नोव्हेंबरमध्ये धूर असतो आणि मेमध्ये हे. फेब्रुवारीत जा. बागा फुललेल्या असतात, चालत फिरता येतं. उन्हाळ्यातच जावं लागलं तर मेट्रोपासून मेट्रोपर्यंत फिरा, ओआरएस जवळ ठेवा, आणि जिथे उतराल तिथे गेटवर कोण बसलंय, कुठे बसलंय, ते बघा. दिसलं तर बोला. माझ्यासारखं बोलू नका.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा, मी निवृत्त असले तरी, वृक्षारोपणाला मला बोलावलं. मुख्याध्यापक आधीच म्हणाले, पालक सगळ्या मतांचे आहेत, जरा बेतानं. झाडं लावून झाल्यावर आठवीच्या वर्गात मी मुलांना हवामानबदल समजावला नाही. हरिप्रसादची गोष्ट सांगितली. सभा सांगितली, माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, त्याच्या भावाने हात जोडले तेही सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, तुम्ही तुमच्या दादाशी अजून बोलता का?"

मी म्हणाले, "बोलते. दर रविवारी. एवढी एक गोष्ट सोडून."

"मग ती कोण बोलणार?" तिने विचारलं, आणि मी उत्तर देईन म्हणून उभीच राहिली.