विज्ञानाच्या पानाच्या बाई

चष्मा कपाळावर सरकवून बाईंनी ‘कशावरून?’ असं विचारलं, की समोरच्या बातमीदाराचा चहा गार व्हायचा. बिबट्या दिसला, कशावरून? गावात साथ पाण्यामुळे आली, कशावरून? आवाज कधी चढलेला नसायचा. पण उत्तर मिळेपर्यंत चष्मा खाली यायचा नाही.

कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी पानं लावतो. म्हणजे कुठली बातमी कुठे बसेल, फोटो केवढा घ्यायचा, मथळा किती ओळींचा, हे माझं काम. बाई आठवड्याचं विज्ञानाचं पान बघायच्या. मूळच्या कोडोलीच्या, घरी शेती आणि म्हशी, शिक्षण मराठी विषयातलं. हे पान त्यांच्याकडे आलं ते दुसरं कुणी घेईना म्हणून. राजकारणाला, कुस्तीला, गुन्ह्यांना माणसं मिळायची. बाईंसारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नको असलेलं काम त्यांच्या अंगावर येतं आणि पुढे लोक त्यांना त्याच कामामुळे ओळखायला लागतात.

तो प्रश्न मात्र त्या पहिल्यापासून विचारत नव्हत्या. ती सवय त्यांना एका खरिपात लागली.

शहरातल्या एका संशोधकांनी एका झाडपाल्याच्या अर्कावर काम केलं होतं. त्याने भातावरचा करपा रोग कमी होतो, असं त्यांना दिसलं होतं. बाई त्यांना भेटल्या, सोप्या भाषेत छान लिहिलं. वृत्तसंपादकांनी मथळा दिला, ‘भातावरचा करपा हटणार’. पान उठून दिसलं. थोड्या दिवसांनी शाहूवाडीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याने नेहमीचं औषध बंद करून तोच पाला उकळून फवारला होता. करपा निम्म्या रानात पसरला होता.

बाईंनी लगेच संशोधकांना फोन लावला. प्रयोग कुंड्यांतल्या रोपांवर झाला होता, शेतात अजून एकदाही नाही.

‘हे तुम्ही मला बोलला नाहीत,’ बाई म्हणाल्या.

‘तुम्ही सोपं करून सांगा म्हणालात, मी सोपं केलं,’ पलीकडून उत्तर आलं. हे बाईंनीच मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, ‘त्यांचंही बरोबर आहे. मीच विचारलं नाही.’

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, ‘तुझी मावशी तिकडंच असते ना? रस्ता माहीत असेल. चल.’

माझ्या मोटारसायकलवर आम्ही दोघं गेलो. शेतकरी दारातच उभा होता. ‘या पावणं, बसा,’ मला म्हणाला. त्याच्या बायकोने चहा दिला. बाईंनी कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, ‘प्रयोग कुंडीतल्या रोपांवरचा होता. ते मी लिहायला हवं होतं. चूक माझी आहे.’

तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्याने नुसतं रानाकडे बोट केलं.

‘ताई, तुमी लिवलंसा म्हणून फवारलं. पेपरात आलंय म्हंजे कुनीतरी बघितलं आसंल, आसं वाटलं.’

‘बघायला हवं होतं.’

‘मग ह्ये बी छापा की. आमच्यावानी आनि कोन कोन फवारत आसंल.’

बाईंनी मान हलवली. ते नुकसान भरून देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि भरून देते असं त्या बोलल्याही नाहीत. परत येताना पुलावर मला गाडी थांबवायला सांगितली. कठड्याला टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी लांबच थांबलो.

संपादक म्हणाले, ‘खुलासा आतल्या पानावर देऊ, छोट्या चौकटीत.’

‘चूक पानभर केली. ती चौकटीत कशी मावेल?’

संपादकांच्या आणि वृत्तसंपादकांच्या, दोन्ही केबिनमध्ये बरीच बोलाबोली झाली. शेवटी बातमी जिथे होती तिथेच, तेवढ्याच जागेत, त्यांच्या नावासकट मजकूर गेला. मथळा त्यांनीच दिला, ‘ती बातमी अपुरी होती’. ते पान मी लावलं. त्या दिवशी फोन थांबेनात. शिव्या देणारे थोडे होते. बहुतेक जण आता काय फवारू, हे विचारत होते. बाई प्रत्येकाला कृषी सहायकाचा नंबर देत होत्या. संशोधकांनी मात्र पुढे कितीतरी महिने त्यांचा फोन उचलला नाही.

त्यानंतर पन्नाशीला टेकलेल्या बाई दर शनिवारी संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापिकेकडे शिकायला जाऊ लागल्या. मुलांच्या मागे, शेवटच्या बाकावर. पहिल्या दिवशी परत आल्या आणि म्हणाल्या, ‘मला टक्केवारीसुद्धा धड येत नव्हती, हे आज कळलं.’ हळूहळू आम्हालाही शिकवायला लागल्या. एखाद्याने चार पेशंटांवरून मोठा मथळा केला, की विचारायच्या, ‘एका म्हशीच्या दुधावरून अख्ख्या गावाचं फॅट सांगशील का?’

पुढे बातम्या मोबाइलवर गेल्या आणि त्यांचं काम अवघड झालं. महापुरात एक मेसेज फिरला, अमुक पावडर टाकली की पुराचं पाणी पिण्यालायक होतं. ‘बाकी सगळ्यांनी लावली, बाई,’ वेबसाइटचा मुलगा म्हणाला. ‘लावू दे,’ म्हणून त्या डॉक्टरांना फोन लावत बसल्या. मेसेज खोटा निघाला. तसं सांगणारी आमची बातमी सगळ्यांच्या मागून गेली, फार कुणी वाचलीही नाही. त्या मुलाला बोलणी बसायला लागली तेव्हा बाई केबिनमध्ये जाऊन म्हणाल्या, ‘त्याला मी थांबवलं होतं.’

त्यांचं पान पूर्णाचं अर्धं झालं. मग जाहिरात आली की अर्धंही जायला लागलं. एके दिवशी मी काम घेऊन बसलो, तर विज्ञानाला जागाच नव्हती. सांगायला मीच गेलो. ‘बरं,’ म्हणाल्या, आणि हातातला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत तपासूनच उठल्या.

निवृत्तीनंतर त्या तालुक्यांच्या गावी बातमीदारांचे वर्ग घ्यायच्या. आजऱ्याच्या वर्गाला मी एकदा सोबत गेलो होतो. शाळेच्या खोलीत दुकान सांभाळून बातम्या पाठवणारे दहा-बारा जण, कुणाचं मोबाइलचं दुकान, कुणाचं हार्डवेअरचं. बाई सांगत होत्या, ‘संशोधन शेवटून वाचा. स्वतःला काय कळलं नाही, ते संशोधक शेवटी लिहितात. मथळा करणारे तिथपर्यंत पोचतच नाहीत.’ हार्डवेअरवाला मधेच म्हणाला, ‘बाई, तवर दुसरा बातमी मारतोय की.’ बाई हसल्या. ‘मारणारच. आपण दुसऱ्या दिवशी द्यायची.’

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. आजारपण थोडक्यातलं होतं, शेवटी बोलता येत नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा उशाला वर्तमानपत्र होतं. मी लावलेलं पान त्यांनी उघडून बघितलं आणि मथळ्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक बोटाने दाखवली.

परवा तोच हार्डवेअरवाला फोनवर होता. ‘सर, काजूच्या कारखान्याच्या धुरानं पोरांना दमा हुतोय, म्हणून गावात बोंब हाय. मोठी बातमी हाय. पन आज देत न्हाय.’

‘का? मी जागा ठेवलीय.’

‘दवाखान्यात इचारायचं ऱ्हायलंय. धूर न्हवता तवा पोरं किती खोकत हुती, त्ये बघाय पायजे की.’

मी बरं म्हणालो. पहिल्या पानावरची जागा मोकळी झाली होती. तिथे रस्त्यावरच्या खड्ड्यांचा फोटो जरा मोठा करून लावला.