दगडाखालची वस्ती

सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावातले शेजारचे काका परगावी गेले की आधी तिथल्या नाल्यात उतरतात. एखादा दगड उलटवतात आणि खाली चिकटलेल्या, वळवळणाऱ्या किड्यांकडे स्वप्नात असल्यासारखे बघत राहतात. मग म्हणतात, "पानी जित्तं हाये."

पोरीसाठी स्थळ बघायला त्यांनी मला सोबत नेलं. घर चांगलं, मुलगा नोकरीवाला. चहापोह्याआधी काका नाल्यावर गेले. दगडाखाली एकही किडा नव्हता. निजलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा त्यांनी तो दगड अलगद जागेवर ठेवला.

स्थळ नाकारून परतताना मी विचारलं, "काहून काका, पोरगा तं चांगला हाये?"

"हाये ना बापा. पन पोरीले पानी तिथलंच प्या लागन."

आमच्या घरांमागूनही नाला वाहतो. त्यात मात्र काका कधीच उतरत नाहीत.